रात्रीची अळंबी की सकाळची

आमच्या शेडच्या दारावर ‘ताजी अळंबी मिळेल’ अशी पाटी लावली, तेवढा मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नसेल. खुटबावात मी धिंगरी अळंबी करते. गव्हाचा भुसा भिजवायचा, उकडायचा, बियाणं घालून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायचा, पिशव्या टांगायच्या आणि शेड ओली ठेवायची. मला येतं ते एवढंच. पण पाटी लागली आणि अख्ख्या तालुक्यानं ठरवलं, की रानात उगवणाऱ्या झाडून साऱ्या छत्र्यांची मी जाणकार. पावसाळ्यात मोबाईलवर फोटो सुरू होतात. बांधावरची, शेणातली, लिंबाच्या बुंध्याची. “ताई, ही खायाची हाय का?” सणसवाडीच्या परप्रांतीय कामगारांच्या खोल्यांमधून, “दीदी, हमारे गाँव में ऐसी ही होती है, खा लें?” एकानं तर शिजवलेल्या कालवणाचा फोटो पाठवला आणि वर विचारतो, चालंल ना?

सगळ्यांना माझं एकच उत्तर असतं. फोटोवरून सांगता येत नाही, खाऊ नका. लोकांना राग येतो. हिला स्वतःची विकायची आहे म्हणून घाबरवते, असंही माझ्यामागे बोलतात. बोलोत बापडे. हळद टाकून काळी पडते का बघा, लसूण टाका, चांदीचं नाणं टाका, असले सल्ले देणाऱ्यांचा मला राग येतो. विषारी अळंबीला हळदीचं काही सोयरसुतक नसतं.

आमच्यात खरे जाणकार माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं गेलं. पुढं मेंढरं विकून खुटबावाजवळच शेत आणि वस्ती केली, पण पाय काही घरात ठरला नाही. माझ्या शेडची त्यांना भारी गंमत वाटायची. “म्हशीचा भुसा माणसांला घालतीया माझी लेक!” असं येईल त्याला सांगायचे. पिशवीत उगवते ती अळंबीच नव्हे, हे त्यांचं ठाम मत.

आबा अळंबी ओळखतात असं सगळे म्हणायचे. खरं म्हणजे ते जागा ओळखायचे. कुठल्या बांधावर वारूळ आहे आणि त्यावर कधी येते, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवलं होतं. वारुळावरच्या अळंबीचं मूळ लांबलचक असतं, खाली वाळवीच्या घरापर्यंत गेलेलं. आबा ते हळूच उपसून काढायचे, बुडखा तिथंच कापायचे आणि माती झटकायचे. त्या ठरलेल्या जागा सोडून दुसरीकडे कितीही देखणी उगवली तरी हात लावायचे नाहीत. एवढ्या एका पथ्यावर त्यांचं सगळं आयुष्य निभावलं होतं.

दुसरं पथ्य खाण्याचं. तोडणाऱ्यानं आधी खायचं, बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी. आबा रात्री एकटे जेवायचे आणि आमचा वाटा झाकून ठेवलेला असायचा. सकाळी अंगणात त्यांचं खाकरणं ऐकू आलं की आई कालवण गरम करायला घ्यायची. लहानपणी यात आम्हाला भीती म्हणून वाटली नाही. भूक मात्र लागायची. पुढं धिंगरीचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा कळलं, की काही विषं रात्रभर गप्प बसतात. सकाळी धडधाकट उठलेला माणूस दुपारी आडवा होतो. मी हे आबांना सांगितलं. “मग माझा बा म्हातारा हुईस्तवर कसा जगला?” असं त्यांनी विचारलं. नशीब म्हटलं असतं तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं.

आई गेल्यावर घरात अळंबी खाणारं कुणी उरलं नाही. वहिनी म्हणाली पोरांना नको, भाऊ म्हणाला मलाही नको, आणि मी तर नको म्हणण्यासाठीच प्रसिद्ध. आबा तरी आणायचे, स्वतः शिजवायचे, अर्धी खायचे आणि अर्धी झाकून ठेवायचे.

मग शेजारच्या शेतकऱ्यानं उसासाठी जेसीबी लावून मधला बांध सपाट केला. बांधासोबत वारूळ गेलं. आबा त्याच्याशी कडाकडा भांडले, आणि भांडण ओसरल्यावर स्वतःचीच समजूत घातली, “वरचं गेलं, खालचं हायच की.” त्या मातीवर शेणखत पडलं, ठिबकच्या पाण्यानं कडेला गवत माजलं. श्रावणात तिथं पांढऱ्या छत्र्या आल्या. मूळ हाताला लागलं ते आखूड. जेसीबीनं तोडलं असंल, असं म्हणून त्यांनी तोडली. जागा त्यांच्या बापानं दाखवलेली होती, मग अळंबीवर संशय कशाला घेतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला. “मी हाय गं अजून. ये खायाला, झाकून ठिवलीया.”

“फेकून द्या, आबा,” मी म्हणाले. हात भुशात होते, जास्त बोलले नाही. आजही मी दुसरं काही बोलले नसते. पण अन्न फेकणं आबांच्या हातून कधी झालंच नाही. कुणी येणार नाही म्हटल्यावर आमचा वाटाही त्यांनीच भाकरीबरोबर खाल्ला. दुपारच्या आत उलट्या आणि जुलाब सुरू झाले. भावानं त्यांना दौंडला दवाखान्यात नेलं आणि मी शेड उघडी टाकून मागोमाग पोचले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कधी खाल्ली? मी सांगितलं, रात्री आणि सकाळी. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला बाजूला घेतलं. खाल्ल्यावर दोन-तीन तासांत त्रास सुरू झाला तर बहुतेक वेळा पोट साफ होऊन माणूस सुटतो, ते म्हणाले. पण बऱ्याच तासांनी सुरू झाला तर गोष्ट वेगळी. त्या जातीत उलट्या आपोआप थांबतात, माणसाला अगदी बरं वाटतं, आणि आत लिव्हर निकामी होत जातं. “मग आता हा त्रास सकाळच्या खाण्याचा धरायचा की रात्रीच्या?”

हे कुणाला सांगता येणार होतं? सकाळच्या ताटानं रात्रीच्या ताटाचा माग पुसून टाकला होता. इलाज दोन्हींवर चालू करतो, डॉक्टर म्हणाले, पण नेमका उतारा नाही, रक्त तपासत राहायचं आणि वाट बघायची. मग त्यांना कुणीतरी माझा धंदा सांगितला असावा. “अळंबीवाल्या ताई तुम्हीच ना? मग जात तुम्हीच ओळखाल की.” मला तिथंच रडू फुटलं.

वस्तीवर जाऊन मी उकिरडा उपसला. चुलीच्या राखेत एका छत्रीची कड मिळाली, काळवंडलेली. शेताच्या कडेला गेले तर आबांनी कापून टाकलेले बुडखे पावसानं चिखल झाले होते. होतं तेवढं डबीत भरलं, फोटो काढला आणि ज्यांनी मला पुण्यात धिंगरी शिकवली त्या सरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, फोटोवरून सांगता येत नाही. शाबास, मी स्वतःलाच म्हणाले. इतकी वर्षं हेच वाक्य लोकांच्या तोंडावर मारत होते, ते असं लागतं हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा बरे झाले. म्हणजे उलट्या थांबल्या, ते उठून बसले, चहा मागितला. पहिल्या रक्तात काही निघालं नाही. शेजारच्या खाटेवर दौंडचे एक चाचा होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. आबा त्यांना अळंबी कशी ओळखायची ते शिकवू लागले. “आबा, आधी इथनं सुटा तर खरं,” चाचा म्हणाले, आणि दोघं हसले. वहिनी मऊ भात घेऊन आली, पोरं खाटेवर चढून बसली. आबांनी सगळ्यांकडे पाहिलं. “समदी आलाय की एकदम,” म्हणाले. खूश होते. आई गेल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

भाऊ डिस्चार्जचं विचारायला निघाला. त्याला मी जिन्यात गाठलं आणि डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. “तू कायम वाईटच बोलतीस,” तो म्हणाला. “दिसत्यात का न्हाई चांगले?” दिसत होते ना. तेच तर मला बघवत नव्हतं. आबा रडवेले, निपचित असते तर मला निदान त्यांचे पाय चेपता आले असते. हसणाऱ्या माणसापुढं बसून काय करायचं? माझ्याच्यानं हसणं होईना आणि न हसावं तर त्यांना कळलं असतं. त्या दिवशीचं रक्त पुण्याला पाठवलं होतं, रिपोर्ट यायचा होता. मी देवाकडे काय मागावं तेही मला सुचत नव्हतं. त्यांना बरं वाटू दे म्हणावं, तर त्या बरं वाटण्याचीच मला भीती होती.

तिसऱ्या सकाळी खिडकीतून चांगला उजेड आला. आबा उशीला टेकून बसले होते. मी ओलं फडकं घेऊन त्यांचं तोंड पुसायला वाकले, आणि त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग मला पिवळसर दिसला. पडदा सरकवून पुन्हा पाहिलं. पिवळाच होता.

“काय बघतीस एवढं?” आबांनी विचारलं.

“काही नाही. चिपडं काढते.”

त्यांनी तोंड वर केलं आणि डोळे मिटून घेतले. मी एक डोळा पुसला, मग दुसरा. पुन्हा पहिला पुसला. हात थांबवला तर रडायला येईल असं वाटत होतं.

“झालं का?” ते म्हणाले. “मग जा, डाक्टरला सांग, आबा चांगला झालाय म्हणावं. घरी सोड म्हणावं.”

“सांगते, आबा,” मी म्हणाले, आणि त्यांचे डोळे दाखवण्यासाठी डॉक्टरांना बोलवायला गेले.