रिकामा म्हणून विकलेला सिलिंडर

निवृत्तीआधीची तीन वर्षं मी इंजिनिअर्सच्या पाणीपुरवठा स्टोअरचा हवालदार होतो. क्लोरीन पाणी शुद्ध करतो आणि युद्धात माणसंही मारतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरला दोन कुलपं, दोन सह्या. झडप फिरवून काही आलं नाही तरी सिलिंडर रिकामा म्हणायचा नाही; झडप गंजलेली असू शकते. काट्यावर चढवायचा, अंगावर कोरलेल्या रिकाम्या वजनाशी जुळला तरच रिकामा. काटा लान्स नाईक दत्ता घरतकडे होता. वजनाआधी तो साहेबांनाही सही करू द्यायचा नाही.

निवृत्तीनंतर मी दत्ताच्या गावी, जूचंद्रला फ्लॅट घेतला. दत्ताही फौजेतून सुटून वसई पूर्वेला औद्योगिक गाळ्यांवर वॉचमन झाला. एका रविवारी सकाळी १०.४० ला त्याचा फोन आला.

"उस्ताद, बाजूच्या भंगारवाल्यानं सिलिंडर कापला. पिवळा धूर. क्लोरीन."

"वजन केलं नव्हतं?"

"मी सांगितलेलं. बोलतो, चाचा, खाली है, मिलिटरी मत दिखाओ."

"वारा?"

"खाडीकडून."

"माणसं?"

"पाच. नाल्यात उतरलीत, पान्याजवळ."

क्लोरीन हवेपेक्षा जड. तो नाल्यातच साचणार होता.

"वर काढ त्यांना. वाऱ्याला आडवं, चढावर."

"जी, उस्ताद."

हुकूम माझा होता. मास्क आहे का, हे मी विचारलं नाही.

११.१५ ला मी पोहोचलो. चौघं रस्त्यावर खोकत होते. पाचव्यासाठी दत्ता पुन्हा उतरला होता. अग्निशमन दलाने दोघांना वर काढलं. पाचवा जगला. दत्ता तिसऱ्या दिवशी गेला.

सिलिंडर आला कुठून, हे विचारायला मी तीन कार्यालयांत गेलो. पहिल्यात साहेब म्हणाले, "काका, ठरावीक साठ्याच्या वर असेल तरच आमच्याकडे कळवतात. हा एकच होता."

"एकाने माणूस मेला."

"सिलिंडरचं दुसरं खातं बघतं."

दुसऱ्याने भंगार बघणाऱ्या खात्याकडे बोट दाखवलं, तिसऱ्याने पहिल्याकडे. छावणीत, जिथे सगळे शिकलेले, तिथे एका सिलिंडरला दोन सह्या. इथे पोरं खेळतात त्या गल्लीत एकही नाही. साठा कमी म्हणून विष कमी होत नाही, हे टेबलामागच्या माणसाला कोणी शिकवायचं?

दत्ताच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण आहे, श्वसनक्रिया बंद पडणे. ती सगळ्यांचीच पडते. लान्स नाईक दत्ता घरत, वय ४४, याला क्लोरीनने मारलं. कुठल्याही सरकारी कागदावर हे नाही, म्हणून इथे लिहिलं.