आईचा चेहरा दिसला तो दिवस

शाळेतून घरी आले तर घराला मागची भिंत नव्हती.

आमचं घर वडगावात, विणकरांच्या आळीत. देश स्वतंत्र व्हायला अजून बराच अवकाश होता. दोन खोल्या. पुढच्या खोलीत चूल, मागच्या खोलीत माझ्या वडिलांचा, आप्पांचा हातमाग. कोरड्या वाऱ्यानं ताण्याचे उभे धागे तटातट तुटतात, म्हणून मागाच्या खोलीला खिडकी ठेवायची नाही, अशी आळीतली रीत. आई त्याच खोलीत कोपऱ्यात झोपून असायची. तिला खोकला होता. अंधारातून तो ऐकू यायचा. त्याची आम्हाला सवय झाली होती.

आदल्या दिवशी अंधार पडल्यावर आप्पा तिला टांग्यातून लष्करी कॅम्पातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, औषधापेक्षा हिला ऊन आणि वारा लागेल, हे मला नंतर कळलं.

दप्तर हातात धरून मी तशीच उभी राहिले. मातीचा ढिगारा पडला होता. पलीकडे परसातलं शेवग्याचं झाड थेट घरात आल्यासारखं दिसत होतं. शेजारची गाय मान वळवून आमच्या मागाकडे बघत होती. मला वाटलं, घर कोसळलं आणि आई गेली.

ती बाजेवर बसली होती. डोळ्यांवर हाताची सावली धरून.

मग तिनं हात खाली घेतला आणि मला तिचा चेहरा दिसला. गालाची हाडं वर आलेली. ओठ पांढरे. गळ्याखाली खड्डे. एवढे दिवस मी तिच्या हातून वेणी घालून घेत होते, तिच्याजवळ निजत होते, आणि हे मला माहीत नव्हतं.

आप्पा ढिगाऱ्यावर बसले होते. पहार बाजूला पडली होती. तेही तिच्याकडेच बघत होते.

"अगं, तू एवढी वाळलीस," ते म्हणाले, "आणि मला दिसलं न्हाय."

"दिव्याच्या उजेडात कसं दिसणार?" आई म्हणाली.

थोड्या वेळानं थोरले चुलते आले. आप्पा त्यांना अण्णा म्हणत. ते दारातच थबकले.

"येडा झालास काय रं? माग बंद पडला तर खाणार काय?"

"अण्णा, तिला बघा की जरा."

चुलत्यांनी आईकडे पाहिलं. लगेच मान फिरवली आणि निघून गेले.

धागे तुटायचे ते तुटलेच. आप्पांनी माग आणि बाज यांच्या मधे ओली पोती टांगली. मोकळ्या बाजूला कौलांचा उतार पुढे काढला. न्हाणीचं पाणी वळवून तिथं केळी आणि अळू लावलं. पानं मोठी झाली तसा वारा त्यांच्यातून गार होऊन यायला लागला. माग चालला, पण पूर्वीइतका कधीच नाही. लुगडी कमी निघायची, भाकरीही कमी पडायची.

आई मात्र बसती झाली, मग चालती. पुढच्या थंडीत केळीजवळच्या उन्हात बसून तिनं पुन्हा मागासाठी सुताच्या कांड्या भरायला घेतल्या. खोकला पुरता गेला नाही, पण माझ्या लग्नात ती पंगतीतून वाढत फिरली.

चुलत्यांनी आमच्या दारातून पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही. ते परसातून, पाडलेल्या भिंतीच्या बाजूनं यायचे आणि केळीपाशी उभे राहायचे. आई म्हणायची, "बसा की भावजी." ते बसायचे नाहीत. तिच्या तोंडाकडे क्षणभर निरखून बघायचे, "बरं हाय न्हवं?" एवढंच विचारायचे आणि आपल्या बिनखिडकीच्या घराकडे चालू लागायचे.