चारशे सह्या आणि ग्लास धुवायची पाळी

सही करायला कोणाचं काय जातं? पेन माझं, कागद माझा, आणि दारात उभी राहून घसा कोरडा करणारी पण मीच. हे मला त्या उन्हाळ्याआधीच कळायला हवं होतं, कारण सह्या गोळा करण्यात मी पटाईत होते.

मी राहते ते गाव जर्मनीतल्या स्टुटगार्टहून येणाऱ्या एस-बान लोकलच्या शेवटाकडचं. स्टेशनामागे जत्रेचं मैदान आहे, फेस्टप्लाट्स. मैदान म्हणजे काय, तर खडी, चार जुनी झाडं, बाकडी ठेवायचं लाकडी खोपटं आणि थंडीत बंद असणारा एक नळ. सप्टेंबरात दोन दिवस तिथे जत्रा भरते. सशांचं प्रदर्शन, सर्वांत जड भोपळ्याला बक्षीस, गावचा बँड, घरोघरी भाजलेले केक. पगार कोणालाच नाही, सगळं गावकऱ्यांचं मंडळ चालवतं. बाकीचं वर्षभर तिथे कुत्री फिरतात, आणि रविवारी आपले मराठी इंजिनियर टेनिसच्या बॉलने क्रिकेट खेळतात.

हे मैदान नगरपालिकेला हवं होतं. शेजारच्या सुट्या भागांच्या कारखान्याला पार्किंग कमी पडत होतं. करार असा होता की मंडळ दरवर्षी जत्रा भरवतंय तोवर मैदान मंडळाकडे. एक वर्ष चुकलं की मैदान परत. म्हणजे नगरपालिकेला काही करावंच लागणार नव्हतं. जत्रा चालवणारे म्हातारे होताहेत हे फक्त बघत बसायचं होतं. यासारखा निर्लज्ज कारभार मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तो पूर्ण कायदेशीर होता.

मी गुलाबी कागदावर पत्रक काढलं. ‘मैदान माणसांचं, गाड्यांचं नाही!’ जर्मनमध्ये आणि मराठीतही. खाली एक ओळ होती, तिचा मला फार अभिमान होता: ‘ही जत्रा टिकावी म्हणून लागेल ते करायची आमची तयारी आहे.’ त्याखाली नाव, पत्ता, सही. पहिली सही माझी. दुसरी खालच्या मजल्यावरच्या काकांची. काका चिंचवडचे, गाड्यांच्या ब्रेकवर काम करतात आणि क्रिकेटचे कप्तान आहेत.

“दे इकडे,” काका म्हणाले. “आपण पहिल्यापासून तुझ्याबरोबर.”

चारशे सह्या झाल्या. तो गठ्ठा घेऊन मी मंडळाच्या अध्यक्षबाईंकडे गेले. सत्तरी ओलांडलेल्या बाई खोपट्यात बाकडी पुसत होत्या. त्यांनी हात कोरडे केले, चष्मा लावला आणि एकेक पान उभ्यानेच वाचलं. मग खिळ्यावर अडकवलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला. कामांच्या पाळ्यांचा तक्ता. तंबू उभारणं, भट्टीवर सॉसेज भाजणं, केकचं टेबल, सशांना चारा, ग्लास धुणं, शेवटी झाडणं. चोपन्न चौकोन. भरलेले अकरा. त्यातले चार बाईंचेच, आणि ग्लास धुण्याच्या चौकोनात वसंतात वारलेल्या एका आजोबांचं नाव, जे अजून कोणी खोडलं नव्हतं.

“छान,” बाई म्हणाल्या. “आता या चारशेंतले शनिवारी तंबू उभारायला कोण येणार?”

“हा लोकांचा पाठिंबा आहे,” मी म्हटलं.

“हो, हो. दिसतोय की. पण गेल्या वर्षी शेवटी झाडायला आम्ही तिघी होतो, आणि एकीचं कंबरडं कायमचं गेलं. अर्धी जत्रा मी करणार नाही. दोन आठवड्यांनी रविवारी, चार वाजता. तक्ता भरला तर जत्रा. नाहीतर जमत नाही असं मीच नगरपालिकेला कळवते.”

मी पुन्हा त्याच दारांवर गेले. पाठिंबा सगळ्यांचा होता. पण कोणी त्याच आठवड्यात इटलीला चालले होते, कोणाचा खांदा दुखत होता, आणि एका गृहस्थांचा तर तत्त्वतः तंबूलाच विरोध होता. आपल्या लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडले, अंगठे दाखवले, एकाने फडकता झेंडाही टाकला.

“अगं, सप्टेंबर म्हणजे आमच्या ऑफिसात मरमर असते,” काका म्हणाले.

“काका, जत्रा शनिवार-रविवारी आहे.”

“तेच तर. तेवढेच दोन दिवस माणसात येतो.”

“क्रिकेटला बरे येता हो माणसात!” काकू आतून म्हणाल्या. त्यांच्या मुलीने वहीतून मान न काढता जर्मनमध्ये सांगितलं की बाबांना घरचा डिशवॉशरही नीट लावता येत नाही.

मी वर आले ती तणतणत. लागेल ते करू म्हणाला होतात ना? सहीसकट? मग मी सह्यांचा गठ्ठा घेतला, तक्त्याची नक्कल काढली आणि चौकोन भरत सुटले. काकांना ग्लास धुणं. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांना ससे. तंबूला विरोध असणाऱ्यांना तंबू. सकाळी कामावर जाता जाता तो तक्ता खोपट्याच्या दारावर लावला आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. इतकं न्याय्य काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

दुपारपर्यंत गाव पेटलं. जर्मनीत माणसाला मूर्ख म्हटलं तर तो विचार करतो. त्याचं नाव न विचारता भिंतीवर लावलं तर तो वकिलाकडे जातो. मास्तरांनी डाटेनशुट्सवर, म्हणजे माणसाच्या माहितीच्या गोपनीयतेवर, कलमांसकट दोन पानी पत्र बाईंना दिलं. बाईंनी तक्ता उतरवला आणि मला बोलावून घेतलं.

“त्यांचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “हा कोरा तक्ता घ्या. ज्यांची नावं लावलीत त्या प्रत्येकाच्या घरी जा आणि माफी मागा.”

“माफी? सह्या करून पळाले ते, आणि माफी मी मागायची?”

“गेनाऊ,” बाई म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर, आणि पुन्हा बाकडी पुसायला लागल्या.

पहिलं दार काकांचं. काकूंनी आधी चहा दिला. “पी, मग माग माफी.” काका फोनमध्ये डोळे घालून बसले होते. माझ्या तक्त्याचा फोटो दोन बोटांनी मोठा करून ते चौकोन चौकोन फिरत होते.

“मी मघापासून शोधतोय,” काका म्हणाले. “तुझं नाव कुठंय गं यात?”

मी कप खाली ठेवला. नव्हतं. गठ्ठ्यात पहिली सही माझी, आणि मी भरायला सुरुवात केली होती दुसरीपासून. मुद्दाम नाही, ते मला सुचलंच नव्हतं, आणि ते जास्त वाईट.

“मी संयोजन...” मी म्हणायला गेले.

“म्हणजे आमच्या चिंचवडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं,” काकू म्हणाल्या. “श्रमदानाच्या दिवशी ते पण फोटोच काढायचे.”

त्यांची मुलगी खुदकन हसली. इतकं मराठी तिला कळत होतं. मी त्यांच्याच टेबलावर कोऱ्या तक्त्यात, आजोबांच्या जागी, ग्लास धुण्यापुढे माझं नाव लिहिलं, दोन्ही दिवस. काकूंनी पेन घेतलं आणि शेजारच्या चौकोनात काकांचं नाव घातलं. काकांनी हरकत घेतली नाही. डाटेनशुट्स घराच्या आत चालत नाही.

मग दारोदार फिरले. मोर्चात न घाबरणारी मी, बेल वाजवताना घाबरत होते. पण गंमत अशी की रागावून मागितलं तेव्हा कोणी काही दिलं नाही, आणि चूक झाली म्हटलं की लोक आपल्या पायांकडे बघायला लागत. “आल्झो, म्हणजे बघा, तास दोन तास जमेल तसा...” मास्तरांनी माझी माफी पूर्ण ऐकून घेतली, व्याकरणाच्या दोन चुका काढल्या आणि म्हणाले, “ससे चालतील. ते काय खातात ते मी आता वाचलंय.”

रविवारी पावणेचारला एकावन्न चौकोन भरलेले होते. उरलेले तीन शेवटच्या झाडण्याचे. समोर मैदानात क्रिकेट चालू होतं. मी म्हटलं, “तीन काय, होतील नंतर.” बाईंनी घड्याळ बघितलं. मग तक्ता आणि पेन घेऊन त्या सरळ मैदानात गेल्या आणि दोन्ही स्टंपांच्या बरोबर मध्ये उभ्या राहिल्या.

“बाई, लागेल!” बोलर धावता धावता थांबला.

“तीन नावं,” बाई म्हणाल्या. “तोवर मी इथेच.”

कॉलेजपासून मी धरणे आंदोलनांची पत्रकं लिहीत आले. धरणं म्हणजे काय ते पहिल्यांदा पाहिलं ते असं. घोषणा नाही, फलक नाही, पायात बागेतले बूट. काका स्क्वेअर लेगवरून ओरडले, “अरे लिहा रे! माझी बॅटिंग राहिलीय!” बोलरने लिहिलं, विकेटकीपरने हातमोजा काढून लिहिलं. तिसरं नाव बॅट्समनचं. तो म्हणाला, मी लिहितो, पण मघाचा आउट धरायचा नाही. चार वाजायला दोन मिनिटं होती.

जत्रा झाली. मला आजोबांचा रबरी एप्रन मिळाला, तो माझ्या घोट्यापर्यंत येत होता. उरलेल्या गुलाबी पत्रकांच्या बाईंनी केकच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. एका बाजूला ‘मैदान माणसांचं’, दुसऱ्या बाजूला ‘जर्दाळू, वरून बदाम’. पत्रकं इतक्या लक्षपूर्वक वाचली गेलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नगराध्यक्षांचं भाषण झालं. माईकवरून ते सांगत होते की चारशे जागरूक नागरिकांच्या सह्यांनी हे मैदान राखलं, आणि आपण तर पहिल्यापासून जत्रेच्या बाजूचे. टाळ्या वाजल्या. माझे हात कोपरापर्यंत फेसात होते.

“ऐक, ऐक,” शेजारी ग्लास पुसत काका म्हणाले. “तुझंच कौतुक चाललंय.”

“काका, त्या ग्लासाला लिपस्टिक राहिलीय,” मी म्हटलं. “इकडे द्या.”