वर्तणूक: चांगली

शाळा शिक्षकांमुळे चालते असा एक समज आहे. आमची शाळा बाबांमुळे चालायची. ते तिथे हेडक्लार्क होते. दाखला हवा, गुणपत्रिकेची दुसरी प्रत हवी, जन्मतारीख दुरुस्त करायची, सगळ्यांना त्यांच्याच खिडकीशी यावं लागे. खिडकी साडेचारला बंद होई. चार एकतीसला मोठ्या बाईंचा सख्खा भाऊ आला तरी बाबा आतून म्हणत, "उद्या."

अशा माणसाची मुलगी कॉलेजात जाणार म्हटल्यावर तयारी कशाची होणार? कागदांची. मी आठवीत गेले त्या आठवड्यात बाबांनी एक जाड निळी फाइल आणली आणि पाठीवर माझं नाव लिहिलं. "कॉलेजवाले गुण बघतात हा भ्रम आहे," ते म्हणाले. "आधी कागद बघतात. कागद पुरे असले तर मग गुण."

फाइल भरायची म्हणून मी आठवीत पोहायला गेले. तीन महिने तळ्याच्या उथळ टोकाला नाकातोंडात पाणी घेतलं आणि सहभागाचं प्रमाणपत्र मिळवलं. नववीत प्रथमोपचार, वक्तृत्व आणि झाडं लावणं. वक्तृत्वात मी दुसऱ्याच वाक्याला अडकले होते, पण प्रमाणपत्रावर तसं काही लिहीत नाहीत. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, प्रत्येक प्रतीला प्लास्टिकचं पाकीट. आई शिवणयंत्रावरून मान वर करून म्हणायची, "अहो, पोरगी कॉलेजात जाणार आहे की ही फाइल?"

"दोघी," बाबा म्हणायचे, आणि ते थट्टा करत नसत.

मला मात्र खरोखरच एक कॉलेज हवं होतं. नववीत आम्हाला तिथली प्रयोगशाळा दाखवायला नेलं होतं. लांबलचक टेबलावर ओळीने सूक्ष्मदर्शक, दर मुलामागे एक. आमच्या शाळेत साठ मुलांत एक होता आणि तो कपाटात असायचा. कपाटाची किल्ली बाबांकडे. त्या दिवशी मी कांद्याचा पापुद्रा बघितला आणि भिंगावरून डोळाच हलवेना. शेवटी मागच्या मुलीने चिमटा काढला. घरी येऊन सांगितलं, मला इथेच शिकायचंय. बाबांनी विचारलं, "त्यांना कोणकोणते कागद लागतात?"

त्यानंतर मी अभ्यास केला. फाइलीसाठी नाही, त्या टेबलासाठी. शेवटच्या वर्षी तर मी घरात असून नसल्यासारखी होते. गुण चांगले पडले, यादीत नाव आलं. आता फक्त ठरलेल्या दिवशी पाचच्या आत कागद दाखवून जागा पक्की करायची होती. नाही केली तर जागा पुढच्या नावाला.

बाबांनी त्या दिवशी रजा काढली. खिडकीपलीकडचा कारकून चष्मेवाला, किडकिडीत, बाबांच्याच जातकुळीचा. आमची फाइल उघडल्यावर त्याचा चेहरा उजळला. अनुक्रमणिका होती हो! तो एकेका कागदावर टिचकी मारत गेला आणि शेवटच्या कागदाशी थांबला. वर्तणुकीचा दाखला.

"यावर 'चांगली' लिहिलंय," तो म्हणाला.

"हो. चांगली आहे," बाबा म्हणाले.

"तुमच्या शाळेची अकरा मुलं आज येऊन गेली. सगळ्यांची 'उत्तम'. प्रतीक्षा यादीतल्या एकाने तर इथे रांगेत मारामारी केली, त्याचीही 'उत्तम'." त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हिने काय केलं?"

"काही नाही."

"मग 'उत्तम' का नाही?"

बाबांनी घसा खाकरला. "ती माझी मुलगी आहे."

"म्हणजे घरी काही...?"

"नाही हो. दाखले मीच लिहितो. स्वतःच्या मुलीला 'उत्तम' लिहिलं तर लोक काय म्हणतील?"

कारकुनाने मान हलवली. त्याला पटलं होतं, तेच तर वाईट होतं. पण 'उत्तम'च्या खाली काही असेल तर मुलाने प्राचार्यांना भेटायचं असा नियम, आणि प्राचार्य सोमवारपर्यंत गावाला. "दाखला दुरुस्त करून आणा. पाचपर्यंत मी आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं या माणसाने गावातल्या सगळ्या वांड पोरांना डोळे मिटून 'उत्तम' वाटलं होतं. फळा फोडणाऱ्याला, बाईंच्या खुर्चीत खाजकुइली टाकणाऱ्याला. हात आखडला तो नेमका माझ्यापाशी. बसमध्ये मी त्यांच्यापासून दोन बाकं पुढे जाऊन बसले.

शाळेत पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. मोठ्या बाईंनी नवा दाखला टाइप व्हायच्या आधीच सही करायला पेन उघडलं. पण बाबांनी नोंदवही काढली. आधी वहीत दुरुस्ती, मग दाखला. तांबड्या शाईने 'चांगली'वर एक रेघ, वर 'उत्तम', बाजूला सही. इथवर पटापट झालं. मग 'दुरुस्तीचे कारण' असा रकाना आला आणि बाबांचं पेन थांबलं.

"चुकून, असं लिहा," मी म्हटलं.

"चुकून नव्हतं लिहिलं."

"बाबा, सव्वाचार झाले!"

"खोटं कारण लिहून खरा दाखला कसा देऊ?"

त्यांनी रद्दी कागदावर एक वाक्य लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, काहीही लिहा, मी सही करते." बाबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बाईंनी पेन मिटलं. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी ती वही उचलून बाहेर भिरकावावीशी वाटत होती. शेवटी साडेचारला त्यांनी रकान्यात काहीतरी लिहिलं, टिपकागद दाबला आणि वही माझ्यापुढे सरकवली. लिहिलं होतं: 'मुलगी स्वतःची असल्याने कमी लिहिले होते.'

मी ते एकदाच वाचलं. पुन्हा वाचायची हिंमत नव्हती.

पाच वाजून बारा मिनिटांनी आम्ही कॉलेजच्या खिडकीशी होतो. चष्मेवाला कुलूप लावत होता. त्याने दाखला बघितला, घड्याळ बघितलं. "काका, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. बाबा काय सांगणार? सव्वीस वर्षं ते स्वतः हेच सांगत आले होते. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." सोमवारी माझी जागा यादीतल्या पुढच्या नावाला गेली. तो आमच्याच शाळेचा होता. रांगेत मारामारी केलेला.

आठवड्याने आम्ही दुसऱ्या कॉलेजात गेलो, जिथे जागा शिल्लक होत्या. सूक्ष्मदर्शक कमी होते, खिडकीही लहान होती. तिथल्या बाईंना फक्त गुणपत्रिका हवी होती. त्यांनी ती घेतली, पावती फाडली आणि बाकीची फाइल न उघडताच परत सरकवली. तीन वर्षं, पोहण्यासकट.

बाबांनी फाइल घेतली, त्यातून एक कागद काढला आणि खिडकीतून पुन्हा आत सारला.

"वर्तणुकीचा दाखला इथे लागत नाही," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग कशाला देताय?"

मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी "चला हो काका" म्हणालं. उभ्या जन्मात ज्यांनी कुणाची रांग अडवली नव्हती ते बाबा खिडकीला दोन्ही हात टेकून उभे राहिले.

"ठेवू नका," ते म्हणाले. "पण वाचा तरी एकदा. मोठ्याने."