कप्तानांनी नापास केलेले टॅबलेट

आमच्या घरमालकांनी आयुष्यात कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय घरात घेतली असेल, असं मला वाटत नाही, भाडेकरूसुद्धा नाही. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला आधी जिना चढून उतरायला लावला, मग खोलीचं दार लावून उघडायला सांगितलं, आणि त्यानंतर गाव, काम, शिक्षण विचारलं. गाव सांगलीकडचं, काम बडा बाजारात सोनं गाळायचं, म्हणजे गलाईचं, शिक्षण आठवी. आठवीशी गाडी अडणार म्हणून मी मान खाली घातली. ते म्हणाले, "दार हळू लावता. चालेल." तेव्हापासून मी त्या घरात दार हळूच लावत आलोय. झाशीत मराठी बोलणारं घर मिळणं हेच माझं नशीब. त्यात मला कावीळ झाली तेव्हा घरमालकीण काकूंनी रोज वरण-भात वर पाठवला. इतकं करणाऱ्यांना आपला कशाचाही त्रास होऊ नये, ही धास्ती मला अजून आहे.

घरमालक काकांचं घराणं जुनं. पूर्वज कधीकाळी कारकुनीला इकडे आले आणि राहिले. काका घरात कपाटाला फडताळ म्हणतात आणि उंबरा ओलांडला की हिंदी बोलतात. नोकरी मात्र विमान शिकवण्याची. छोट्या विमानात शिकाऊ पोरांशेजारी बसण्यात उमर गेली. निवृत्त झाले तरी सदर बाजार त्यांना कप्तान साहब म्हणतो, आणि ते स्कूटरला विमानासारखं वागवतात. आधी पुढे-मागे बघून मोठ्याने विचारतात, "मोकळं?" कुणीतरी "मोकळं" म्हटल्याशिवाय किक मारत नाहीत. कुणीच नसेल तर समोरचा पानवाला सवयीने ओरडतो, "मोकळं है, कप्तान साहब!" घरातून निघणाऱ्या प्रत्येकाची उंबऱ्यावर तपासणी होते. "किल्ली?" "आहे." "पाणी?" "आहे." शेवटचा प्रश्न ठरलेला: "परतीचं पेट्रोल?" कोथिंबीर आणायला पायी निघालेल्या काकूंनाही "आहे" म्हणावं लागतं. "चपलेत भरलंय," असं त्या एकदा म्हणाल्या, तर सगळं पहिल्यापासून विचारलं गेलं.

त्यांची नात मुक्ता आजोबांच्याच वाटेने गेली. दूरच्या एका केंद्रात विमान शिकते, मराठी तिला समजते पण उत्तर हिंदीत देते. गेल्या उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली होती. परत गेल्यावर तिचं पहिलं लांबचं एकटीचं उड्डाण होतं. एका धावपट्टीवरून दुसरीवर जायचं, तिथून परत यायचं, आणि शेजारच्या खुर्चीत शिक्षक नाही. कागदी नकाशा तर असतोच, पण सोबतीला मांडीवर टॅबलेट बांधायचा होता.

"ऑनलाइन मंगवा लेते हैं, आजोबा. कल आ जाएगा."

"मी बघतो," काका म्हणाले, आणि तिथून माझ्या मांडीचे दिवस भरले.

सदर बाजारातला दुकानदार त्यांच्या जुन्या ओळखीखातर एकेक टॅबलेट तपासायला देई. पहिला आला तो ताटाएवढा. काकांनी मला गच्चीवर खुर्चीत बसवलं, काकूंच्या परकराच्या नाडीने तो उजव्या मांडीवर बांधला आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये केरसुणीचा दांडा उभा धरायला दिला. हा म्हणजे विमान वळवायचा दांडा. "गलाईवाले, डावीकडे वळा." वयाने मी त्यांच्या मुलासारखा, पण ते सगळ्यांनाच अहोजाहो करतात. डावीकडे वळलो, ते ठीक. उजवीकडे वळताना दांडा टॅबलेटवर आपटला. "पडलात," काका म्हणाले. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाई कितीतरी वेळ हात थांबवून बघत होत्या.

दुसरा लहान होता. नकाशा भरून घेतला, मला स्कूटरवर मागे बसवलं, "मोकळं?" झालं आणि आम्ही टहरौली गावाच्या रस्त्याला लागलो. रस्ता असा की खड्ड्याखड्ड्याला माझी मांडी आणि टॅबलेट वेगवेगळे उडत होते. पण शेतं आली, म्हशी आल्या, तरी नकाशातला निळा ठिपका सदर बाजारातून हलेना. त्या टॅबलेटमध्ये सिमची जागा नव्हती आणि आपण कुठे आहोत हे ओळखणारं यंत्रही नव्हतं; घरच्या वायफायवरच त्याची सगळी हुशारी. काका स्कूटर थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. "घरी बसूनच टहरौलीला निघालेत हे."

तिसऱ्याचं सगळं बरं होतं, पण त्यांनी काळा चष्मा घातला आणि टॅबलेट आडवा केला की पडदा काळाठिक्कर. मुक्ता म्हणाली, दुसरा चष्मा घेते. "सूर्यासमोर चष्मा शोधत बसणार?" नापास. चौथा त्यांनी थेट आमच्या दुकानात आणून भट्टीपासून हातभर लांब ठेवला. आमचे शेठही आमच्याच भागातले. त्यांनी विचारलं, "कप्तान, गाळून किती निघंल म्हणता?" तेवढ्यात टॅबलेटवर तापल्याची खूण आली आणि तो बंद पडला. "काचेच्या आत बसून भरदुपारी असंच होतं," काका म्हणाले. शेठ म्हणाले, "मग दुपारचं कशाला उडायचं? आमीबी दुपारी झोपतो."

दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "कप्तान साहब, कंपनी नया मॉडल निकाल देगी, आप पास नहीं करेंगे।" तरी त्याने पाचवा दिला. छोटा, सिमवाला, पांढऱ्या आवरणाचा. दांड्याला लागला नाही, ठिपका स्कूटरबरोबर टहरौलीपर्यंत धावला, चष्म्यातून दिसला, भट्टीपाशीही टिकला. मी मनात म्हटलं, सुटलो. काकांनी तो उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "कडा फार गुळगुळीत आहेत. हातातून निसटेल."

तो मांडीला बांधायचा होता, हातात धरायचाच नव्हता. हे मला कळत होतं, पण बोलायची हिंमत झाली नाही. मला आमचं एसटी स्टँड आठवलं. मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, माझ्या वळकटीची गाठ सोडून परत बांधली, परत सोडली. सैल आहे म्हणायचे. कंडक्टर ओरडला तेव्हा कुठे त्यांनी वळकटी माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं, मी बांधलेल्या गाठीवर त्यांचा भरवसा नाही.

मुक्ताने टॅबलेट त्यांच्या हातून काढून घेतला. "यह तो पास है, आजोबा. मुझे पास करना है कि नहीं, वह बताइए."

काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही दुसऱ्यांच्या एवढ्या पोरांना एकटं सोडलंत."

"त्यांना मी शिकवलं होतं," काका म्हणाले. "हिला दुसऱ्याने शिकवलंय." थोड्या वेळाने ते आत गेले, फडताळातून जाड पट्टा काढून आणला आणि त्या गुळगुळीत टॅबलेटला पट्टा शिवायला बसले.

ती निघाली त्या सकाळी उंबऱ्यावर तपासणी झाली. "किल्ली?" "आहे." "नकाशा?" "आहे." "टॅबलेट? पट्टा?" "आहे." मग काका चष्मा पुसायला लागले. ऑटोवाला बाहेर भोंगा वाजवत होता, पण मुक्ता उंबऱ्यावरच थांबली.

"आजोबा, आख़िरी वाला?"

काका चष्मा पुसतच राहिले.

"आहे, आजोबा," ती म्हणाली. "परतीचं आहे." एवढं सलग मराठी मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

उड्डाणाच्या दिवशी मी कामावर उशिरा येतो म्हणून शेठना सांगितलं. काका गच्चीवर त्याच खुर्चीत बसले होते. तिचं विमान झाशीच्या आसपासही येणार नव्हतं, तरी ते वर बघत होते. फोन काकूंकडे दिला होता. स्वतःजवळ ठेवायला तयार नव्हते. ऊन चढलं तशी मी त्यांच्यासाठी सावलीत दुसरी खुर्ची मांडली, पण ते उठले नाहीत. जेवणाच्या वेळेला काकू जिना चढून आल्या. "उतरली. दोन्हीकडे उतरली, परत आली. जेवायला चला."

काकांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गलाईवाले, तुम्ही अजून इथेच? कामावर जा." मी जिन्याकडे वळलो तर मागून आवाज आला, "किल्ली?"

"आहे."

"पाणी?"

"आहे."

यंदा दिवाळीला बऱ्याच दिवसांनी गावी जायचं ठरवलंय. आबा आता थकलेत, गाठ बांधायला त्यांचे हात वळत नाहीत असं भाऊ फोनवर सांगतो. उंबऱ्यावर काका शेवटचं काय विचारणार ते मला माहीत आहे, आणि उत्तरही. पण गावाहून परत निघताना वळकटी मी या खेपेला मुद्दाम सैलच बांधणार आहे.