बैलांचा सोमवार

आता घाटमाथ्यावरच्या बावड्यापर्यंत सर्व्हिस मोटार जाते आणि माणसं दोन दिवसांत समुद्रात पाय बुडवून परत येतात. थोरल्या महाराजांच्या राज्यात तसं नव्हतं. मोटार असलीच तर महाराजांची. आमच्यासाठी बैलगाडी, आणि तिच्यातून कोकणात जायचं म्हणजे अख्खं बिऱ्हाड चाकांवर चढवायचं. मी तेव्हा कोल्हापुरात शाळामास्तर होतो आणि कायम दमलेला असायचो. कशानं, ते आज विचाराल तर सांगता येणार नाही.

समुद्र बघायची हौस बायकोची. माझी आई सात वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं हिनंच काढलं. पन्हाळ्याच्या पलीकडे हिनं काही पाहिलेलं नव्हतं. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि एके दिवशी भाकरी थापता थापता ही म्हणाली की उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभर समुद्राच्या काठाकाठानं जाऊ, गाडीतच राहू. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

गाडी आणि बैल गावाकडच्या थोरल्या भावाचे. जोतिबाची यात्रा आटोपून तो आमच्याकडे उतरला तेव्हा मी विषय काढला. बैल म्हणजे त्याचा जीव की प्राण. बराच वेळ तो सुपारी कातरत बसला आणि मग म्हणाला, “न्हे गाडी. पर सोमवारी बैलांच्या मानंवर जू ठेवायचं न्हाय. अवसेला बी न्हाय. आईची शपथ घे.” आमच्या भागात सोमवार हा बैलांचा विसाव्याचा दिवस, आणि अमावास्येला तर कोणी गाडी जुंपतच नाही. मी शपथ घेतली. पंचांग उघडलं तर त्या आठवड्यात दोन्ही एकाच दिवशी येत होतं. एक अख्खा दिवस वाळूत लोळायचं, या विचारानंच मला बरं वाटलं.

पुढचे तीन आठवडे आमची तयारी चालली. आमची म्हणजे अशी: मी भिंतीला टेकून, पंचांग मांडीवर घेऊन मुक्काम ठरवायचो. घाट उतरायचे-चढायचे दिवस वेगळे धरायचे, किनाऱ्याचा आठवडा पुरा मिळाला पाहिजे, कुठल्या खाडीवर गाडी पलीकडे न्यायला तर, म्हणजे मोठी होडी, मिळते ते विचारून ठेवायचं. तासाभरात माझं डोकं शिणायचं आणि मी चहा मागायचो. ती तोवर पीठ दळायची, चटणी कुटायची, गाडीच्या छपराला तरट शिवायची. बैलांची पेंडसुद्धा तिनंच भरून ठेवली.

मुक्कामांची यादी वाचून दाखवली तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. “त्या सोमवारी मी बी चूल पेटवणार न्हाय. नुसती पाण्याकडं बघत बसणार.” मी मान डोलावली. ते मला चांगलं जमायचं.

घाट उतरून आम्ही किनाऱ्याला लागलो आणि रविवारी संध्याकाळी त्या सोमवारच्या मुक्कामाला पोचलो. पाणी लांब गेलेलं होतं. वरच्या भुसभुशीत वाळूत चाकं रुतायला लागली म्हणून मी गाडी खाली नेली. तिथली वाळू ओली आणि अंगणासारखी घट्ट. बैल वर झाडाखाली बांधले. रात्री पाणी चाकांपासून हातभरावर येऊन परत गेलं. सकाळी ती ओली रेघ बघून मी हिला शहाणपणानं सांगितलं की समुद्राची हद्द इथवरच. आम्ही देशावरची माणसं, आम्हाला पूर ठाऊक. अमावास्येचं उधाण ठाऊक नव्हतं.

ती पाण्याकडे तोंड करून बसली होती. थोड्या वेळानं मला भूक लागली आणि मी नेहमीसारखी भाकरीची हाक मारली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, उठली आणि तीन दगड मांडले. मला काही आठवलंसुद्धा नाही. जेवून मी गाडीत आडवा झालो.

दुपारी जाग आली ती गाडी हलल्यामुळं. चाकं निम्मी पाण्यात होती आणि खालची वाळू सरकत होती. चुलीचे दगड दिसत नव्हते. मी धावत बैलांकडे गेलो, दावं सोडायला लागलो आणि हात थांबला. आईची शपथ. भावाची गाडी डोळ्यांदेखत कलंडत होती आणि मी दावं धरून नुसता उभा.

ती मागून आली. आवाज चढवला नाही.

“ऱ्हाऊ द्या ती बैलं. मला जुंपा. बैलास्नी आठवड्याला एक सोमवार हाय. मला सात वर्सांत एकबी न्हवता. ह्यो एक मागितला, त्यो बी तुमच्या ध्यानात ऱ्हायला न्हाय.”

आणि ती खरोखरच पाण्यात शिरून जुवाखाली उभी राहिली. मी दुसऱ्या बाजूला. मागून पाच-सहा कोळी धावत आले, त्यांनी चाकांना हात घातले. गाडी वर आली तेव्हा माझ्या खांद्याची सालं निघाली होती. तिच्या खांद्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. बैल झाडाखाली रवंथ करत होते.

ओल्या लुगड्यानिशी ती परत पाण्याकडे तोंड करून बसली, ती अंधार पडेपर्यंत. मी चुरमुरे आणि गूळ तिच्याजवळ नेऊन ठेवला. मला माझी लाज वाटत होती. उरलेले मुक्काम आम्ही यादीप्रमाणे केले.

कोल्हापुरात परतलो तेव्हा भाऊ गाडी न्यायला आलेला होता. त्यानं बैलांच्या मानेवरून हात फिरवला, खूर पाहिले आणि विचारलं, “सोमवारी जुंपली न्हाईस न्हवं?”

“बैल न्हाय जुंपलं,” मी म्हणालो.

त्याचं समाधान झालं. आत ती चूल पेटवत होती.