गाव विचारणारी कॉलर

“आधी सांगा, तुमी कोनाच्या?”

दुपारची शिफ्ट होती. हेडसेट लावून मी “नमस्कार, बोला, मी ऐकतेय” म्हटलं, तर पलीकडून हा प्रश्न. लगेच दुसरा. “माहेर कुठचं तुमचं? अकोल्यात कोनी हाय का?”

मी अमरावतीत एका हेल्पलाइनवर समुपदेशक आहे. ज्यांना जगणं नकोसं झालंय त्यांनी फोन लावायचा, आम्ही ऐकायचं. विचारायचे प्रश्न क्रमाने लिहून समोर ठेवायची मला सवय आहे. त्या क्रमात माझं माहेर नव्हतं.

पण त्या का विचारत होत्या ते कळत होतं. वऱ्हाडात दोन अनोळखी माणसांनी गाव आणि आडनाव सांगितलं की पाच मिनिटांत ती एकमेकांची पाहुणी निघतात. लग्नात याची मजा येते. या बाईंना मात्र त्याचीच भीती होती. मी कोणाची तरी चुलतजाऊ निघाले, तर संध्याकाळपर्यंत गोष्ट त्यांच्या घरी.

“ताई, मी आडनाव सांगत नाही, तुम्हालाही विचारणार नाही. इथलं बोलणं बाहेर जात नाही. अपवाद एकच. जिवाला आत्ताच्या आत्ता धोका आहे असं वाटलं, तर मदत बोलवावी लागते. तेही शक्यतो तुम्हाला सांगून.”

“म्हंजे आपन दोघी बिनागावच्या.”

“फोन चालू आहे तोवर.”

त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी बोलले नाही. नवीन समुपदेशकांना वाटतं की फोनवरची शांतता भरून काढावी. तशी गरज नसते. मधूनमधून “मी आहे” म्हटलं की पुरतं.

मग त्या बोलल्या. सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता. सात-आठ वर्षं अंथरुणावर. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं यांच्याकडे. दोन महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या. नवरा बदलीच्या गावी, शनिवारी येतो. मुलगी पुण्यात नोकरीला.

“जो येते तो म्हनते, सुटली वं तू. मी कायची सुटली? सकाळी उठते, पेज करते, त्यायच्या खोलीत घेऊन जाते. मंग आठवते. आता मले राहूनच काय करायचं हाय?”

अशा वाक्यानंतर आम्ही आडवळणाने विचारत नाही. विचारलं तर नसता विचार डोक्यात शिरेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही.

“ताई, जीव द्यायचा विचार येतोय का?”

“येते. तुमी पहिल्याच, सरळ विचारनाऱ्या.”

आजच काही ठरवलंय का, हाताशी धोक्याचं काही आहे का, हेही विचारलं. होतं. काय, ते मी लिहिणार नाही. आम्ही ते कुठेच लिहीत नाही.

आमच्या सुपरवायझर मीनामॅडम दुसऱ्या हेडसेटवर ऐकत होत्या. त्यांनी मला म्यूट करायला लावलं.

“बाहेरून मदत पाठवू?”

“त्या बोलताहेत, मॅडम. दारात गणवेश दिसला तर घाबरतील.”

“त्या वस्तू घराबाहेर गेल्या पाहिजेत. आत्ता. नाही गेल्या तर मी ठरवणार.”

मी पुन्हा लाइनवर आले. “ताई, शेजारी कोण आहे?”

“काकू हायेत. पन त्याईले काय सांगू?”

“काही नका सांगू. सगळं एका पिशवीत बांधा. ठेवून घ्या म्हणा, आणि चहाला घेऊन या. फोन हातातच ठेवा.”

चपलांचा आवाज आला, कडीचा आला. मग एक म्हातारा, खणखणीत आवाज. “काय झालं वं? डोये कायले सुजले?” काकूंनी उत्तराची वाट पाहिली नाही. “दे ती पिशवी. माह्या घरात ठेवते कुलपात. अन् चहा मी करते, तुह्या चहात साखरच नसते.”

वस्तू घराबाहेर गेल्या होत्या. पण काकू रात्रभर थांबणार नव्हत्या. घरचं कोणीतरी हवं होतं.

“जवळ कोण आलं तर बरं वाटेल?”

“सुमन. ननद माही, मूर्तिजापूरले असते. सासूबाई होत्या तवा रोज चारले तिचा फोन ये. मी आईच्या कानाले धरू. मंग आमी दोघी बोलू. आता येत नाई. माह्यासाठी थोडीच करे ती?”

“तिला विचारलंत?”

नव्हतं विचारलं. आता विचारायचं ठरलं. पण त्यांचा फोन माझ्याशी चालू. तो ठेवायचा नव्हता. घरात दुसरा मोबाइल होता, सासूबाईंचा. ताई तो अजून रोज चार्ज करत होत्या. त्यावरूनच, स्पीकर चालू करून, नंबर लावला. मूर्तिजापूरच्या स्क्रीनवर काय नाव उमटेल, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

रिंग वाजत राहिली. मग अगदी बारीक आवाज. “कोन?”

“मी हाय, सुमन.”

“वैनी! आईचं नाव पाहून हातपाय गळाले माहे!” मग दोघी रडल्या. मग भांडल्या.

“तू काहून नाई केला फोन, वैनी?”

“तू कुठं केला?”

“मले वाटलं, तुले आता कुठं आराम भेटला. कायले तरास देऊ?”

“मले आराम नोको, सुमन. मले जगावंसंच वाटत नाई.”

“दार लावू नोको. गाडी भेटली की पोचलीच मी.”

सुमन पोचेपर्यंत काकू बसल्या, मी लाइनवर राहिले. मीनामॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, “नोंद करा, पाणी प्या, मग पुढचा कॉल.”

दुसऱ्या दिवशी, त्या ताईंच्या परवानगीने, मी त्यांना फोन केला. दोघी मिळून जेवल्या होत्या. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे सोमवारी जाणार होत्या. रडू थांबलेलं नव्हतं. ते एका फोनने थांबतही नाही.

“पुन्हा तसं वाटलं तर?” त्यांनी विचारलं.

“पुन्हा लावायचा.”

“तुमीच उचलसान?”

“नाही. शिफ्ट बदलते. जो असेल तो उचलेल.”

त्या थोड्या नाराज झाल्या. मी गोड उत्तर दिलं नाही. फोनवरच्या एका ताईवर जीव टांगून ठेवू नये. ताई रजेवर जाते, तिला ताप येतो. फोन कोणीतरी उचलतं, यावर भिस्त ठेवावी.

“बरं,” त्या म्हणाल्या. “पन दुसऱ्या कोनी उचलला, तर त्याईलेबी सगळं पहिल्यापासून सांगा लागन?”

“जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच.”

“मंग ठीक हाय. सुमन बलावून राहिली, ठेवते.”

आमच्या कामात कॉलरने असं घाईने फोन ठेवलेला चांगला.